‘जमवून घे’ हा उपचार नाही

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी देशातल्या तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा 90 वर नेला आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशा अर्थाचा प्रश्नही केला. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 वर आणि कारखान्यांमधली 9 वरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. दोन वर्षांत तीनदा तासच वाढवायची भाषा झाली. तास संपवून माणूस घरी परततो तेव्हा त्याच्यात काय उरलेलं असतं, हे तिघांपैकी कोणीच विचारलं नाही.

आजचा विषय ते घर आहे.

एक जोडपं डोळ्यांपुढे आणा. ती सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स, ड्युटी सतत फिरती. तो हिंजवडीत, अमेरिकेतल्या क्लायंटच्या सोयीने रात्री उशिरापर्यंत कॉलवर. ती नाइट संपवून सकाळी घरी येते, तर ओट्यावर रात्रीची खरकटी भांडी तशीच. ती बोलत काहीच नाही, पातेलं आपटते. तो लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत जातो आणि दार लावतो. ती दाराशी येऊन बोलायला लागते. तो हेडफोन चढवतो. तिचा आवाज चढत जातो आणि त्याचं तोंड मिटत जातं. शेवटी ती रडते, तो ऑफिसला निघून जातो आणि दोघंही दिवसभर स्वतःला दोष देत राहतात.

मग घरातली माणसं बोलायला येतात. मावशी म्हणते, घरोघरी मातीच्या चुली. सासूबाई म्हणतात, भांड्याला भांडं लागायचंच. मित्र म्हणतो, एक मूल होऊ दे, सगळं सुरळीत होईल. सगळ्यांचा सूर एकच: जमवून घे.

तरीही दोघं धीर करून समुपदेशकाकडे जातात. शहरात एका सेशनला हजार-दीड हजार रुपये सहज मोजावे लागतात. तासाभराने ते बाहेर पडतात तेव्हा तिने जरा शांत राहायचं ठरलेलं असतं, त्याने जरा वेळ द्यायचा ठरलेला असतो आणि रविवारी बाहेर जेवायला जायचं असतं. म्हणजे मावशी जे फुकट सांगत होती तेच, पैसे मोजून.

माझा आक्षेप इथे आहे. ज्या गोष्टीने माणूस मोडला, तिच्याशीच जमवून घ्यायला शिकवणं हा उपचार नाही. त्याने मोडतोड वाढते, कारण आता त्या माणसाला मदत मागूनही काही उपयोग नसतो हेही कळलेलं असतं. पुन्हा तो कोणाकडे जाणार नाही.

जाणकार थेरपिस्ट याच घरात काय बघेल?

तो आधी चक्र बघेल. कॅनडात 1980 च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी भावनांवर आधारलेली थेरपी उभी केली. एक जण पाठलाग करतो, दुसरा मागे सरतो, म्हणून पहिला आणखी जोरात पाठलाग करतो, ही घरोघरची तऱ्हा त्यांच्या कामाच्या मध्यभागी आहे. तिथे कोणाचं चुकलं याचा निवाडा होत नाही. दोघं मिळून त्या चक्राकडे बघायला शिकतात. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी प्रयोगशाळेत जोडप्यांना वाद घालायला बसवलं आणि त्या वेळचे त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, असं ते सांगतात. अशा वेळी निदान 20 मिनिटं थांबायचं, आणि थांबताना परत कधी बोलायला बसणार तेही सांगायचं. हेडफोन चढवणारा नवरा बेफिकीर असेलच असं नाही. पुष्कळदा त्याचं शरीर पेटलेलं असतं आणि तो गप्प बसून ती आग दाबत असतो. ही माहिती बायकोला मिळाली आणि ‘मी आठ वाजता येऊन बोलतो’ एवढं वाक्य नवऱ्याला सापडलं, तरी त्या घरातली सकाळ बदलते.

पण तेवढ्यावर भागत नाही, कारण चक्राच्या खाली जुनं काहीतरी असतं. समजा त्याचे वडील रोज पिऊन यायचे आणि स्वयंपाकघरात भांडं आपटलं की पुढची मारहाण ठरलेली असायची. आज बायकोने पातेलं आपटलं की तो 35 वर्षांचा इंजिनिअर राहत नाही, आठ वर्षांचा पोरगा होतो आणि आठ वर्षांचा पोरगा जे करायचा तेच करतो: आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. तिच्या बाजूला 2021 ची कोविडची दुसरी लाट आहे. वॉर्डात माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत होती, ही हाका मारत होती आणि कोणी येत नव्हतं. तिला टाळ्या मिळाल्या होत्या, सुट्टी मिळाली नाही. आज नवऱ्याचं बंद दार तिला पुन्हा त्याच वॉर्डात नेऊन उभं करतं. दोघांच्या जखमा एकमेकींवर घासतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भांडण भांड्यांवरून चाललंय.

ट्रॉमाची, म्हणजे मनावरच्या आघाताची, जाण असलेली थेरपी म्हणतात ती हीच. तिला मोठा इतिहास आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या लढ्यामुळे 1980 मध्ये आघातानंतरच्या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. 1992 मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी दाखवून दिलं की रणांगणावरून आलेला सैनिक आणि घरात मार खाणारी बाई यांच्या मनावरचे व्रण सारखेच असतात. सावरण्याचा क्रमही त्यांनी मांडला. आधी सुरक्षितता, मग जे घडलं ते आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग माणसांशी पुन्हा नातं जोडणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारायला लावतात: झालं गेलं विसरा आणि हात मिळवा.

ही जाण असलेली खोली तुम्हाला आत पाऊल टाकताच ओळखता येते. कुठल्या खुर्चीत बसायचं ते तुम्ही ठरवता, दाराकडे पाठ करून तुम्हाला बसवत नाहीत. पुढे काय विचारणार आणि कशासाठी, ते आधी सांगतात. ‘लहानपणापासून सगळं सांगा’ असा हुकूम पहिल्या दिवशी सुटत नाही. ‘थांबा’ म्हणायची मुभा असते आणि तुम्ही म्हणालात की समोरचा खरोखर थांबतो. टिपणं कोण वाचणार, हे स्पष्ट असतं. जोडपं असेल तर दोघांना निदान एकदा वेगवेगळं भेटतात.

ते वेगवेगळं भेटणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथेच कळतं की घरात हात उचलला जातो का. नवरा शेजारी बसलेला असताना मार खाणारी बाई खरं बोलत नाही. बोलली, तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. मारहाण आणि धाक चालू असताना दोघांना एकत्र बसवून ‘संवाद सुधारा’ म्हणणं धोक्याचं आहे. हे सांगायला आपल्याला परदेशी पुस्तक लागत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. त्याच्या 2006 च्या नियमांत साफ लिहिलंय की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायची मुभा आरोप असलेल्या माणसाला मिळणार नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. तरीही ‘ताई, तुम्ही उलट बोलला असाल’ असं म्हणणारे मध्यस्थ गावोगावी खुर्च्या अडवून बसले आहेत. त्यांनी हा नियम वाचावा किंवा खुर्ची सोडावी.

आणि हे काम महाराष्ट्राला नवं नाही. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली आणि बाईचं म्हणणं खरं धरून तिथून पुढचं काम सुरू झालं. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोचं दुखणंही स्वतंत्रपणे ऐकून घेतलं जातं, कारण व्यसन एकाचं असलं तरी वर्षानुवर्षांची धास्ती दुसऱ्याच्या शरीरात साचलेली असते. वाट आहे. तिच्यावरून चालायचं सोडून आपण पुन्हा मावशीच्या सल्ल्याकडे वळतो.

आता दुसरा मुद्दा. तुम्ही जसे आहात तसे असण्यात दोष नाही, हे धरून चालणारी थेरपी. तिला अफर्मिंग थेरपी म्हणतात. अनेकांना वाटतं, ही पाश्चात्त्य फॅशन आहे. त्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे आठवावेत. 1927 पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते लोकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं द्यायचे, प्रश्न विचारणाऱ्याला लाज न आणता. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण लोकांनी आपल्या शरीराबद्दल विचारावं आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळावं, हा हक्क मराठीत नव्वद वर्षांपूर्वी मागितला गेला होता.

कायद्यानेही त्यानंतर बरीच मजल मारली. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 3 मध्ये म्हटलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, कामाच्या किंवा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. त्यातला ‘कामाच्या’ हा शब्द प्रत्येक एचआर विभागात मोठ्या अक्षरात लावावा. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढलं. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी समलिंगी माणसांना ‘सरळ’ करण्याच्या उपचारांवर बंदीचा आदेश दिला. निकालाआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसले, कारण या विषयात आपली समज अपुरी आहे असं त्यांना वाटलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

एक न्यायमूर्ती शिकायला बसू शकतात. मग ‘लग्न केलं की सगळं ठीक होईल’ असं आजही सांगणाऱ्या डॉक्टरला काय हरकत आहे? आठ वर्षं एका छताखाली राहणाऱ्या दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना नोकरीचा ताण येत नाही का? घरभाडं, आईचं आजारपण, रात्रीचे कॉल त्यांनाही आहेत. त्यावर त्यांना आणखी एक पाळी करावी लागते, दिवसभर ऑफिसात आपला जोडीदार लपवण्याची. त्यांनी थेरपिस्टच्या खोलीतही पहिले तीन तास ‘आम्ही जोडपं आहोत’ हे पटवून देण्यात घालवायचे का?

जातीचंही तसंच. पहिल्या पिढीतला शिकलेला दलित तरुण मुंबईतल्या ऑफिसात रोज आडनाव सांभाळून बोलतो, जेवणाच्या टेबलावर कोणता प्रश्न येईल याचा अंदाज घेत बसतो. चार वर्षांनी तो थकून थेरपिस्टकडे येतो आणि ऐकतो: हल्ली शहरात जात कोण मानतं, तुम्ही मनाला फार लावून घेता. त्याची जखम खोटी ठरवायला एवढं एक वाक्य पुरतं. त्याच्या थकव्यातून जात वजा केली तर उरलेल्या थकव्याचा अर्थच लागत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे आणि ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. तिथे बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण नीट हाताळला गेला नाही त्याचा तो परिणाम, असं म्हटलंय. त्याची लक्षणं तीन: गळून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. याचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागत नाही. बिघाड कामाच्या जागी आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजायची प्रश्नावली 1981 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे मायकेल लायटर यांच्या साथीने त्यांनी कारणांची सहा ठिकाणं सांगितली. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. या सहांपैकी एकही जागा कर्मचाऱ्याच्या डोक्यात नाही.

तरी आपल्या कंपन्या वर्षातून एकदा श्वासाच्या व्यायामाचं शिबिर घेतात, भिंतीवर हेल्पलाइनचा कागद चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मीटिंग लावतात. श्वासाचा व्यायाम चांगला आहे. पण नर्सच्या वॉर्डात माणसं कमी असतील, तर भरती करा. इंजिनिअरला दोन माणसांचं काम दिलं असेल, तर दुसरा माणूस घ्या. थेरपिस्ट ड्युटीचा तक्ता बदलू शकत नाही. तो इतकंच करू शकतो की त्या तक्त्यामुळे झालेल्या थकव्याला ‘तुमचा स्वभाव’ म्हणणार नाही. तेवढंही फार मोलाचं आहे.

घरातल्या कामाची पाळी तर बर्नआउटच्या या व्याख्येत नाहीच. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर ते काम करणारे पुरुष 88 मिनिटं. ओट्यावरच्या त्या भांड्यांचा हिशेब हा आहे. जोडप्यांचा थेरपिस्ट दोघांच्या भावनांबद्दल विचारतो आणि घरातली कामं कोण किती करतं हे विचारत नाही, तो अर्धंच काम करतो.

आणि मुळात थेरपिस्ट मिळतो कुणाला? बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी 85 जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ती पाहणी 12 राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. एवढ्या मोठ्या राज्याने स्वतःचं दुखणं मोजून तरी घ्यावं. 2017 च्या कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपी बाहेरच्या भेटींतच चालते. माणूस कोसळून दाखल होईपर्यंत थांबायचं, असा या व्यवहाराचा अर्थ होतो. हे बदलायलाच हवं.

पाटी लावण्याचाही प्रश्न आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांना नियमांत आणणारा कायदा 2021 मध्ये झाला, पण त्याची घडी अजून बसलेली नाही. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही दारावर पाटी लावतो. म्हणून तपासायचं काम सध्या तुमच्यावर आहे.

पहिल्या भेटीत विचारा. शिक्षण काय, नोंदणी कुठली? तुमच्या कामावर देखरेख करणारं कोणी ज्येष्ठ आहे का? आम्ही दोघं आलो तर आम्हाला वेगवेगळं भेटणार का, आणि तिथे बोललेलं एकमेकांना सांगणार का? घरात मारहाण असेल तर तुम्ही काय करता? माझी जात, माझा धर्म, माझा जोडीदार याबद्दल मला समजावत बसावं लागेल का? कंपनीने पाठवलं असेल तर माझ्याबद्दल कंपनीला काय कळवणार? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही, उत्तरं देतो. जो दुखावला, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि जो दुसऱ्याच भेटीत ‘जमवून घ्या’ म्हणाला, त्याच्याकडून उठून या. तुम्ही अपयशी ठरला नाहीत, तुम्ही चुकीच्या दारात गेला होतात.

पैसे नाहीत, गावात कोणी नाही, घरी सांगता येत नाही, अशी अडचण असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. काय सांगायचं याची तयारी करत बसू नका. ‘मी थकलोय’, ‘मी थकलेय’ एवढं म्हणा. पुढचे प्रश्न विचारणं हे त्यांचं काम आहे.